मुकुंदऱ्याची खिंड आणि प्रतिहल्ल्याचं गणित

१८०४ च्या जुलैत इंग्रजांच्या कर्नल विल्यम मॉन्सनची फौज मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून माळव्याच्या तोंडाशी आली होती. यशवंतराव होळकर मागे सरकत होते, म्हणजे वरवर पाहता डाव इंग्रजांचाच होता. पण मॉन्सनजवळचं धान्य संपत आलं होतं. गुजरातेतून मरे या दुसऱ्या इंग्रज सेनाधिकाऱ्याची कुमक यायची होती, ती आली नाही. वर पावसाळा लागलेला. ८ जुलैला मॉन्सन माघारी फिरला आणि यशवंतराव उलटले. ऑगस्टअखेर त्याची उरलीसुरली माणसं आग्र्याला पोचली, तेव्हा तोफा वाटेतल्या चिखलात आणि नद्यांकाठी राहिल्या होत्या.

आपण इंदूरची मंडळी ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ती युद्धशास्त्राच्या अंगानंही सांगायला हवी. पायदळाचे अधिकारी जिथे शिकतात ते इन्फंट्री स्कूल इथून जवळच, महूला आहे. तरी प्रतिहल्ला म्हणजे सूडाचा आवेश, अशीच आपल्याकडे समजूत दिसते.

चढाई करणारा पुढे जातो तसा अशक्त होत जातो. जिंकलेल्या प्रत्येक ठाण्यावर माणसं ठेवावी लागतात. दारूगोळा संपतो आणि मागून येणारी रसद लांबत जाते. तोफा मागे राहतात. सैनिक थकतात, तुकड्या एकमेकींत मिसळतात, कोण कुठे आहे हे सेनापतीलाच कळेनासं होतं. शिवाय पुढे घुसलेल्या फौजेच्या दोन्ही बाजू उघड्या पडतात. एक क्षण असा येतो की आणखी पुढे जायचं बळ उरलेलं नसतं आणि बचावाची तयारीही झालेली नसते. प्रशियाचे युद्धविचारक क्लाउझेवित्झ यांनी चढाईच्या या टोकाचा सविस्तर विचार केला. प्रतिहल्ला करायचा तो इथे.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं पहिल्या महायुद्धाच्या काळात, एकवटलेली फौज विखुरलेल्या फौजेला का भारी पडते, याला गणित दिलं. दोन्हीकडची माणसं सारख्या कुवतीची असतील आणि सगळे एकाच वेळी एकमेकांवर नेमबाजी करू शकत असतील, तर सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाइतकी धरावी. १,००० विरुद्ध ८०० अशी समोरासमोर लढाई झाली, तर ८०० संपतात आणि हजारांतले ६०० उरतात. पण तेच हजार ५००-५०० च्या दोन टप्प्यांत हाती लागले तर? ८०० जण पहिल्या ५०० ना संपवतात तेव्हा त्यांचे सुमारे ६२४ शिल्लक असतात. दुसऱ्या ५०० नंतरही सुमारे ३७४ उरतात. माणूस एकही वाढला नाही, तरी निकाल फिरला. खऱ्या रणांगणावर आकडे इतके नेमके चालत नाहीत, पण दिशा हीच असते.

मुकुंदऱ्यात हेच दिसतं. खिंडीत मॉन्सनची फौज एकवटून उभी होती, तेव्हा ११ जुलैचा यशवंतरावांचा हल्ला तिनं परतवला. तीच फौज पुढे पावसात लांबलचक ओळीनं चालू लागली आणि बनास नदीवर तिचे हाल झाले.

म्हणून प्रतिहल्ल्यातलं सगळ्यात अवघड काम हल्ला करणं नसतं. आघाडी वाकत असताना, पुढच्या तुकड्या मदतीसाठी टाहो फोडत असताना, राखीव फौज हातात धरून ठेवणं हे खरं अवघड. ती लवकर सोडली तर ताज्या दमाच्या शत्रूवर आपटते. उशीर झाला तर शत्रूनं खंदक खणलेले असतात, तोफा पुढे आणलेल्या असतात. थोडी थोडी सोडली, तर लँचेस्टरचं गणित आपल्यावरच उलटतं.

भारत-पाक युद्धातल्या बसंतर नदीवरच्या लढाईत पाकिस्तानी फौजेचं हेच झालं. १९७१ च्या डिसेंबरात आपल्या पायदळानं रात्री नदीपलीकडे पाय रोवले. रणगाडे पोचेपर्यंतचा काळ त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याचा होता. सुरुंग पुरते निघायची वाट न पाहता पूना हॉर्स या आपल्या रेजिमेंटचे रणगाडे पलीकडे गेले आणि तो काळ आखडला. १६ डिसेंबरला पाकिस्तानी चिलखती दळाचे, म्हणजे रणगाड्यांचे, प्रतिहल्ले आले, पण एकवटून नाही, एकामागून एक स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी-तुकडीनं. पूना हॉर्सनं ते मोडून काढले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यात धारातीर्थी पडले, वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. दुसऱ्या दिवशी आपण घेतलेल्या जरपाल या ठाण्यावर पाकिस्तानी पायदळाचा प्रतिहल्ला आला, तो मेजर होशियार सिंह यांच्या ग्रेनेडिअर्सनी थोपवला.

चढाई करणारा पुढे जातो तसा अशक्त होतो, हा नियम पुढे यशवंतरावांनाही आडवा आला. मॉन्सनचा पाठलाग करत ते मथुरेला आणि ऑक्टोबरात दिल्लीपर्यंत गेले. दिल्ली हाती आली नाही. इकडे मरेनं ऑगस्टातच इंदूर घेतलं होतं, म्हणजे मागचा आधार तुटलेला. मग इंग्रजांच्या जनरल लेकचं घोडदळ रात्रभर दौडत १७ नोव्हेंबरच्या पहाटे फर्रुखाबादला त्यांच्या छावणीवर येऊन आदळलं. यशवंतराव निसटले, पण स्वारांची मोठी हानी झाली. माळव्यापासून इतक्या दूर ती भरून काढायला त्यांच्यापाशी राखीव फौज नव्हती.