आयनिक बंध

धातूच्या अणूने इलेक्ट्रॉन गमावला आणि अधातूच्या अणूने तो घेतला की एक धनप्रभारित आणि एक ऋणप्रभारित आयन तयार होतो. अशा विजातीय आयनांना एकत्र धरून ठेवणारे विद्युत आकर्षण म्हणजे आयनिक बंध. स्वयंपाकघरातले मीठ, कृषी केंद्रात मिळणारा लालसर पोटॅश, वणी भागातल्या भट्ट्यांतला चुना, पूर्णाकाठच्या विहिरींतला खार हे सगळे आयनिक पदार्थच आहेत.

नेहमीचे उदाहरण मिठाचे. सोडिअमच्या ११ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी असते, तर क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची २, ८, ७ अशी. सोडिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की दोघांच्याही बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, म्हणजे अष्टक, होतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर कोसेल यांनी १९१६ मध्ये बंधाचा हा खुलासा मांडला. पोटॅशिअम सोडिअमसारखाच एक इलेक्ट्रॉन देतो, कॅल्शिअम व मॅग्नेशिअम दोन देतात, ऑक्सिजन दोन घेतो. त्यावरूनच पोटॅशिअम क्लोराइडमध्ये एकास एक आणि कॅल्शिअम क्लोराइडमध्ये एकास दोन असे प्रमाण ठरते.

वर्गात मात्र इथे एक गैरसमज हमखास रुजतो. सोडिअमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचाच’ असतो आणि अष्टक पूर्ण झाले की काम झाले, असे मुले लिहितात. बऱ्याच गाइडांतही तसेच छापलेले असते. ऊर्जेचा हिशोब वेगळे सांगतो. वायुरूप सोडिअम अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढायला दर मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनने तो घेतल्यावर परत मिळतात फक्त ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटा आहे. त्यात घन सोडिअमची वाफ करण्याचे १०७ आणि क्लोरीनचे रेणू फोडण्याचे १२२ मिळवले की तूट ३७६ वर जाते. एवढ्यावर थांबले असते तर मीठ बनलेच नसते.

ही तूट भरून निघते ती आयन एकत्र येऊन स्फटिक बांधतात तेव्हा. सुटे आयन जवळ येऊन मिठाचे जालक, म्हणजे आयनांची ठरावीक क्रमाने रचलेली जाळी, तयार होताना सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. तूट वजा जाता ४११ किलोज्यूल उरतात आणि मीठ स्थिर होते. हा हिशोब मांडण्याची रीत १९१९ मधली, माक्स बोर्न आणि फ्रित्स हाबर यांच्या नावाने ओळखली जाणारी. तेव्हा आयनिक बंधाचे खरे कारण अष्टकापेक्षा जालकात शोधावे. धातूकडून इलेक्ट्रॉन स्वस्तात सुटतो आणि अधातूला तो घेताना बहुधा काही परत मिळते, म्हणून ही जोडी जमते, एवढेच.

जालकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन असतात. कोणता सोडिअम कोणत्या क्लोराइडचा, असे सांगता येत नाही. त्यामुळे घन मिठात ‘मिठाचा रेणू’ नसतोच; सूत्र केवळ प्रमाण दाखवते. किराणा दुकानातल्या खडेमिठाचा जाड खडा वरवंट्याने ठेचून पाहावा: तो चेपत नाही, फुटतो, आणि फुटलेल्या तुकड्यांवर काटकोनातल्या सपाट बाजू चमकतात. फटक्याने आयनांचा एक थर किंचित सरकला की समान प्रभार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलतात.

प्रभार वाढला की पकड फार घट्ट होते. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पण मागे उरणारी कळी, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, त्या आचेला दाद देत नाही. तिचा द्रवणांक २,६०० अंशांच्या घरात आहे. तिच्यात दोन्ही आयनांवर दुप्पट प्रभार असल्याने जालक ऊर्जा मिठाच्या चौपटीहून अधिक भरते.

कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, कारण आयन जागेला खिळलेले असतात. वितळले किंवा पाण्यात विरघळले की ते मोकळे होतात आणि वीज वाहते. पाणी परीक्षणाच्या अहवालात ‘ईसी’ (विद्युत वाहकता) म्हणून येणारा आकडा याच मोकळ्या आयनांचा अंदाज देतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात तो आकडा शेतकरी आधी पाहतात.

तिथला प्रश्न मात्र नुसत्या खारटपणाचा नाही. काळ्या मातीतल्या चिकणकणांवर ऋणप्रभार असतो, म्हणून धन आयन त्यांना चिकटून राहतात. कॅल्शिअमच्या जागी सोडिअम जास्त बसला की कण एकमेकांना धरत नाहीत. ओली माती लोण्यासारखी होते, वाळली की दगडासारखी, आणि पाणी खाली मुरत नाही. अशा चोपण जमिनीत जिप्सम, म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, टाकतात. त्यातला दोन प्रभारांचा कॅल्शिअम आयन सोडिअमला हुसकावतो. मग सुटलेला सोडिअम सल्फेट पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जायला हवा, म्हणून चर नसलेल्या शेतात जिप्समचा खर्च बराचसा वाया जातो.

‘धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक’ हा नियम ढोबळ आहे. अॅल्युमिनिअम क्लोराइडमध्ये लहान, तीन प्रभारांचा अॅल्युमिनिअम आयन क्लोरीनचा इलेक्ट्रॉनमेघ इतका ओढतो की बंध बराचसा सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, होतो. उलट नवसागरात धातू अजिबात नाही, तरी अमोनिअम व क्लोराइड यांच्यातला बंध आयनिकच. लोणार सरोवराच्या पाण्याला अल्कधर्मी करणाऱ्या सोडिअम कार्बोनेटमध्ये दोन्ही प्रकार एकत्र नांदतात: सोडिअम आणि कार्बोनेट यांच्यात आयनिक, कार्बोनेटच्या आत कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात सहसंयुज.