सावलीची झाडं: जमीन आणि जागा बघून निवड

रस्ता, अंगण, शाळा, सोसायटी, पार्किंग अशा ठिकाणी फळाफुलासाठी नाही तर मुख्यतः सावलीसाठी जी झाडं लावतात ती सावलीची झाडं. प्रथा जुनी आहे, सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्याकडेला वड लावल्याची नोंद आहे. आता मात्र बहुतेक लोक आधी नर्सरीत जातात, फुललेलं काहीतरी उचलून आणतात आणि मग खड्डा कुठे घ्यायचा ते शोधतात. क्रम उलटा पाहिजे, आधी जमीन, मग जागा, मग झाड.

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकावर आहे, पण वरची माती एकाच गावात चार प्रकारची निघते. टेकाडावर वीतभर मातीखाली मुरूम आणि ओढ्याकाठी पुरुषभर काळी. त्यामुळे दोन-तीन फूट खणून बघितल्याशिवाय काही कळत नाही. ओल्या मातीची तळहातावर वळी करायची आणि तिची बांगडी वळवायची, न मोडता वळली तर जमीन भारी, चिरा पडून तुटली तर मध्यम, आणि वळीच झाली नाही तर हलकी. मग खड्डा पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, परत भरायचा, दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर निचरा नाही हे समजायचं.

काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात बारीक मुळं तुटतात आणि पावसाळ्यात त्याच मुळांना हवा मिळत नाही. आमच्या सोसायटीत कंपाउंडच्या खोलगट कोपऱ्यात कडुनिंब लावला होता, सगळे म्हणाले कडुनिंब कुठेही येतो, पहिलं वर्ष बरं गेलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाणी साचलं तशी खालची पानं पिवळी पडायला लागली, दिवाळीपर्यंत नुसती काठी. उपटला तर मुळं काळी आणि मऊ, वास मारणारी. कडुनिंबाला कोरडं चालतं, पाय पाण्यात चालत नाहीत. तिथं नंतर अर्जुन लावला तो मजेत आहे, कारण तो मुळातला नदीकाठचा. अशा जागी जांभूळ, करंज, बाभूळ हेही टिकतात. कालव्याच्या पाण्याने चोपण (म्हणजे क्षार साचून घट्ट, खराब) झालेल्या जमिनीत पर्याय कमी, त्यातल्या त्यात करंज आणि अर्जुन. वेडी बाभूळही येते पण ती आपणहून येतेच, लावायची गरज नाही.

मुरमाड, उथळ जमिनीत याच्या बरोबर उलट. तिथं कडुनिंब, हिवर, शिरीष, बहावा चालतात, आणि खानदेश-मराठवाड्यातला अंजन तर खडकाच्या फटीत मूळ घालून उभा राहतो, फक्त वाढायला वेळ घेतो म्हणून कोणी लावत नाही. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते बहुतेक वेळा लोह न मिळाल्याचं लक्षण असतं, लोक पाणी वाढवतात आणि अजून बिघडवतात.

कोकणात जांभ्यावर पाणी थांबत नाही, चार महिने धो धो आणि नंतर आठ महिने कोरडं, तिथं बकुळ, सातवीण, फणस, आंबा. समुद्राच्या अगदी जवळ खारा वारा पानं जाळतो, म्हणून पुढच्या रांगेत उंडी आणि भेंड.

आता ऊन. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर काही आठवडे तो दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे घर तापवणारं संध्याकाळचं ऊन पश्चिमेकडून, खरं तर वायव्येकडून येतं. झाड तिकडे पाहिजे. दक्षिणेला दाट झाड लावलं तर ते डिसेंबरचं हवंहवंसं ऊन अडवतं आणि मे महिन्यात फारसं कामाला येत नाही. पानं कधी गळतात हेही बघावं लागतं. गुलमोहर (मूळचा मादागास्करचा) मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याचदा उघडा असतो, आणि फांद्याही पटकन मोडतात. करंज मात्र त्याच सुमारास जुनी पानं टाकून लगेच चकचकीत पोपटी पालवी घेतो, ऐन वैशाखात गाडी त्याच्याखाली लावा. माझं मत विचाराल तर गावातल्या साध्या रस्त्याला करंजाइतकं गुणी झाड नाही. सातवीण छान दिसते पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री तिच्या फुलांच्या वासाने काहींचं डोकं दुखतं, बेडरूमच्या खिडकीशी नको.

शहरात माती बघण्याआधी वर तारा आणि खाली पाइप बघा. तारांखाली कांचन, आपटा, पारिजातक एवढंच. वड, पिंपळ, नांद्रुक यांना मैदान पाहिजे, देऊळ पाहिजे, दोन बिल्डिंगमधली गल्ली नको. काळ्या मातीत मोठं झाड भिंतीलगत असेल तर ते उन्हाळ्यात पाणी ओढतं, माती आकसते आणि भिंतीला तडा जातो, तिथं निदान 5-6 मीटर अंतर ठेवावं. फुटपाथच्या झाडाला बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात, मग मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतालचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं होतं ते याचसाठी. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबईत शेकड्यांनी झाडं पडली, आणि मुळं पसरायला जागाच नसलेलं झाड अशा वाऱ्यात किती टिकणार. एकाच जातीची रांग लावणंही धोक्याचं, मुंबईत वर्षावृक्षांवर (रेन ट्री) पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड आली तेव्हा मोठमोठी झाडं ओळीने वाळली.

रोप घेताना पिशवी बाजूला करून मुळं बघावीत. खूप दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळं स्प्रिंगसारखी गोल गोल फिरलेली असतात आणि ती जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात, झाड दहा वर्षांनी एका वाऱ्यात आडवं होतं. आणि एकदा मोठं झालेलं झाड नको वाटलं तरी शहरात सहज तोडता येत नाही, महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जतन करण्याच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात.