भजन उठलं की आधी कणिक काढा
(पखवाज, तबला घेणाऱ्या आणि पुड्या बदलून नेणाऱ्या भजनी मंडळांसाठी माहितीपत्रक)

राम कृष्ण हरी.

गावोगावचे सप्ताह उठले की आमच्याकडे पखवाजांची रांग लागते. त्यातले बहुतेक धुमाच्या, म्हणजे डाव्या हाताच्या खालच्या आवाजाच्या, बाजूने गेलेले असतात आणि मंडळींचं म्हणणं ठरलेलं असतं : "पुडी कच्ची निघाली." पुडी म्हणजे वाद्याच्या तोंडावर चढवलेलं कातडं, ती कच्ची निघू शकते. तशी निघाली तर आम्ही बदलून देतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण धुमाच्या मधोमध पांढरट, कडक चकती असेल आणि तिच्या कडेने चंद्रकोरीसारखी चीर गेली असेल, तर ती चीर वाळलेल्या कणकेने पाडलेली असते. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलं आहे.

कणिक एवढं नुकसान कसं करते?

धुमाच्या पुडीला शाई, म्हणजे उजव्या पुडीवर असतो तो काळा गोल थर, नसते. कणकेच्या वजनाने तिचा आवाज खाली उतरतो आणि घुमारा येतो. शाईच्या बाजूला जो षड्ज लागला आहे, त्याच्या खालच्या सप्तकातला षड्ज धुमाला यायला हवा. कणिक कमी पडली तर धूम पोकळ वाजतो, जास्त झाली तर आवाज दबून नुसता थपथप येतो. म्हणजे कणिक लागतेच. नडते ती वाजवून झाल्यावर तशीच राहिलेली कणिक.

ओली कणिक कातड्याला घट्ट धरते आणि वाळताना आकसते. आकसताना कातड्याचा वरचा पापुद्रा सोबत ओढते. मधला भाग ताठ होतो, भोवतालचा मऊ राहतो. दुसऱ्या दिवशी त्यावर थाप पडली की जिथे ताठ आणि मऊ भाग भेटतात नेमकी तिथेच चीर जाते. शिवाय रात्रभर देवळाच्या कोपऱ्यात पिठाचा गोळा ठेवला की उंदीर आणि झुरळं आलीच. उंदीर कणिक खाता खाता खालचं कातडंही कुरतडतो. पावसाळ्यात कणकेखाली बुरशी धरते, आणि ती मुरली की पुडी वरून चांगली दिसत असूनही बोलत नाही.

हे का होतं तेही आम्हाला माहीत आहे. पखवाज देवळाचा आणि वाजवणारे महाराज बाहेरगावचे असतात. कीर्तन उठलं की ते पंगतीला जातात, टाळकरी घरी जातात आणि पखवाज भिंतीला टेकलेला राहतो. कणिक काढणं कुणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून आमची विनंती अशी, की सप्ताहाची कामं वाटून देता तेव्हा कणिक काढण्याचं काम एका माणसाच्या नावावर लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

कणिक कशी मळायची, कशी लावायची?

गव्हाचं चाळलेलं पीठ घ्या. ज्वारीचं चालत नाही, त्याला चिकटपणा नसतो. पोळीच्या दोन-अडीच उंड्यांएवढी कणिक मध्यम पखवाजाला पुरते. पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल मळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. काही वादक भिजवलेला रवा वापरतात, तोही चांगला.

त्यात मीठ आणि तेल मात्र अजिबात नको. सप्ताहात महाप्रसादाच्या परातीतून मळलेला गोळा उचलून आणतात, तिथेच चूक होते. त्या कणकेत मीठही असतं, तेलही असतं. मिठामुळे हवेतला ओलावा ओढला जातो. तेल कातड्यात मुरलं की पुढे कितीही चांगली कणिक आणा, ती त्या जागी धरत नाही, कडेने सुटत राहते. तेल मुरलेली पुडी आम्हालाही सुधारता येत नाही, बदलावीच लागते.

पुडीच्या मधोमध ओल्या बोटाने साडेतीन-चार इंचांचं गोल फिरवा, पाणी ओघळेल इतकं नको. उंडा मध्यभागी ठेवून अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जा. मध्ये जाड, कडेला पातळ, अशी ठेवा. वाजवून बघा आणि चिमटी-चिमटीने कमी-जास्त करा. चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की पंख्याखाली कणिक तासाभरात ताठ होऊ लागते. अशा वेळी वर पाणी शिंपडत बसू नका, त्याने कातडं भिजतं आणि सूर उतरतो. जुनी काढून ताजी लावा. काकड्याची कणिक हरिपाठापर्यंत चालवू नये.

आणि काढायची कशी?

ओली असतानाच काढा. कडेने बोटं घालून सगळा गोळा एकदम उचला. मग तोच गोळा पुडीवर टिपत फिरवा, चिकटून राहिलेले कण त्यालाच लागून येतात. घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा पुसा, लगेच कोरड्याने पुसा. सावलीत पंधरा-वीस मिनिटं उघडा ठेवा आणि मगच खोळ घाला. ओलसर पुडीवर खोळ घातली तर आत वाफ धरते.

कणिक वाळूनच गेली असेल तर ओढू नका. चमचा, सुरी, नाणं, नख, काहीही लावू नका. फक्त त्या चकतीपुरतं ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मऊ झाली की ती आपसूक सुटते. घाईने खरवडलेल्या पुड्यांवर आम्हाला सुरीचे ओरखडे दिसतात. त्यांपैकी प्रत्येक ओरखडा पुढे चीर होतो.

मग धुमाला कायमची शाईच लावून द्या ना?

लावता येते. ढोलकीसारखा आतून मसाला भरूनही मिळतो. कणकेची कटकट जाते आणि नुसत्या गवळणी, आरत्या, शाळेचे कार्यक्रम असतील तर भागतं. पण कणकेचा धूम जसा मोकळा, लांब घुमतो, तसा त्याचा घुमत नाही. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांच्यासारखे पखवाजवादक ज्या मातीतून आले, तिथल्या लोकांना तो फरक कानाने कळतो. म्हणून कीर्तनासाठी मागणी असेल तर आम्ही आधी कणकेचाच पखवाज सुचवतो. तरीही तुम्हाला हवाच असेल तर करून देऊ.

शाईला भेगा आहेत, म्हणजे माल खराब आहे का?

नाही. लोखंडाची बारीक भुकटी आणि भाताची खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन शाई होते. प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटला जातो आणि घोटतानाच बारीक भेगांची जाळी पडते. ती नसेल तर शाई दगडासारखी एकसंध होईल आणि कातड्याला हलू देणार नाही. साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाई असलेल्या आपल्या वाद्यांचे जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली निबंध लिहून दाखवून दिलं. पखवाज सुरात बोलतो तो या काळ्या वर्तुळामुळे, म्हणून त्याला जपा.

भेगांची जाळी चांगली, खपली उडणं वाईट. खपल्या उडण्याची कारणं ओला हात, घामावर थापलेली जाड पावडर आणि शेकणं ही. पावसाळ्यात सूर उतरला म्हणून पुडी हॅलोजनसमोर किंवा चुलीजवळ धरतात. वरून शाई तडकते, आतून कातडं करपतं आणि थंड झाल्यावर सूर पुन्हा होता तिथेच येतो. दमट हवेत वाद्य तासभर आधी मांडवात आणून ठेवा आणि वादीखाली (कातडी पट्ट्यांखाली) बसवलेल्या लाकडी गट्ट्यांनी सूर चढवा. शेकू नका.

आपणहून शाई सुटली तर तीन महिन्यांच्या आत आम्ही पुडी विनामूल्य बदलून देतो. धुमाच्या पुडीची शिवण उसवली किंवा गजऱ्याची, म्हणजे पुडीच्या काठावरच्या विणलेल्या वेढ्याची, वीण सुटली तरी तेच. चंद्रकोरी चीर, उंदीर, तेल आणि शेक यांना हमी नाही. ही अट काहींना कडक वाटते, पण कातडं आम्ही उजेडासमोर धरून, पातळ जागा आणि गोचिडाचे डाग बघूनच घेतो. चांगल्या कातड्याची भरपाई दर वेळी आम्ही देत बसलो तर पुड्यांचे दर सगळ्यांसाठीच वाढवावे लागतील.

सूर लावताना हातोडी कुठे मारायची?

गजऱ्यावर. चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर), मैदानावर (चाट आणि शाई यांच्यामधल्या जागेवर) कधीच नाही. गजऱ्यावर वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. वादीच्या दोन वेढ्यांमधली जागा म्हणजे घर, अशी गजऱ्यावर सोळा घरं आहेत. एका घरावर मारलं की पुढचा ठोका त्याच्या समोरच्या घरावर मारा, म्हणजे पुडी एका अंगाला ओढली जात नाही. जास्त फरक असेल तर आधी गट्टे सरकवा : खोडाच्या, म्हणजे लाकडी अंगाच्या, फुगवट्याकडे सरकवले की ताण वाढतो, उलट सरकवले की कमी होतो. सगळे आठ गट्टे सारखेच सरकवा. सप्ताह संपून वाद्य महिनाभर ठेवायचं असेल तर गट्टे थोडे उतरवून ठेवा. पूर्ण चढवलेला पखवाज पत्र्याच्या मंडपात मे महिना काढू शकत नाही, कातडं उन्हाने आकसून चाटेपाशी फाटतं.

एका सुरासाठी बांधलेली पुडी अर्धा, फार तर एक सूर इकडे-तिकडे जाते. काळी एकची पुडी ताणून पांढरी चारला नेली की ती फाटणारच. ऑर्डर देताना मंडळाचा सूर सांगा. माहीत नसेल तर जी पेटी तुमच्याकडे वाजते तिच्यावर गायक कुठली पट्टी धरतात, त्याचा मोबाइलवर आवाज घेऊन या.

नट-बोल्टचा घ्यावा की वादीचा?

नट-बोल्टचा पान्याने लवकर लागतो आणि पुडी पटकन बदलते. दर चार दिवसांनी गाव बदलणाऱ्या वादकाला तो सोयीचा. वजन जास्त असतं आणि बोल्ट गंजू नयेत म्हणून बघावं लागतं. दिंडीत गळ्यात घेऊन चालायचं असेल तर वादीचाच घ्या.

बांधावरचं झाड पडलंय, त्याचा करून द्याल?

करतो, पण लगेच नाही. ओल्या लाकडाचा पखवाज वर्षाच्या आत तडकतो. खोड बारा ते चौदा इंच व्यासाचं, गाठी नसलेलं आणि कमीत कमी अडीच फूट सरळ हवं. बाभूळ चालते, शिसम आणि खैर उत्तम, आंबा हलका पण टिकायला कमी. पाडल्या-पाडल्या दोन्ही तोंडांना रंग किंवा शेणाचा जाड काला लावा, कारण तोंडाकडून पाणी भराभर सुटतं आणि चिरा तिथूनच जातात. सावलीत, जमिनीपासून वर, दोन विटांवर ठेवा आणि दीड-दोन वर्षांनी आणा. खैर, आंबा यांसारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. तिचा कागद दाखवल्याशिवाय आम्ही खोड घेत नाही. थांबायला वेळ नसेल तर आमच्याकडे वाळवून ठेवलेली खोडं आहेत, त्यातलं बघून निवडा.

पुडी किती दिवसांत मिळते?

उन्हाळ्यात आठ दिवस. आषाढात पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त, कारण कातडं आणि शाईचे थर सावलीतच सुकावे लागतात आणि त्या हवेत ते सुकत नाहीत. पैठणहून नाथांची पालखी निघायची वेळ झाली की सगळ्यांनाच एका आठवड्यात पखवाज हवा असतो. नाथषष्ठी झाली की पखवाज एकदा दाखवून घ्या. नुसतं बघायचे आम्ही पैसे घेत नाही आणि वैशाखात दिलेल्या कामाला वेळही भरपूर मिळतो.

पावतीवर जीएसटी का दिसत नाही?

पखवाज, तबला यांसारख्या हाताने घडवलेल्या देशी वाद्यांना तो माफ आहे. पावती मात्र मागून घ्या. मंडळाच्या हिशेबाला ती लागते आणि पुडीची हमीही तिच्यावरच मिळते.

तुमच्या कारखान्यात पैसे गुंतवायचे आहेत, काय परतावा द्याल?

हा प्रश्न अलीकडे बरेच जण आपुलकीने विचारतात. आम्ही ठेवी घेत नाही, महिन्याला टक्का देत नाही. नोंदणी नसलेल्या ठेवी घेण्याला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. जादा व्याजाच्या आशेने ठेवलेले पैसे अडकून बसलेली घरं आपल्या मराठवाड्यात कमी नाहीत, त्यामुळे वाद्यांच्या नावाने कुणी असे पैसे मागितले तरी देऊ नका. या धंद्यात पैसा अडकतो तो लाकडात. आज घेतलेलं खोड दोन वर्षांनी वाजतं. आणि काम वाढतं ते शाई घोटणारे हात वाढले तरच. तो हात तयार व्हायला वर्षं लागतात, भांडवलाने ते लवकर होत नाही. भागीदारी देण्यासारखं आमच्याकडे काही नाही. मंडळाला मदतच करायची असेल तर भिशी लावा आणि ऑर्डरच्या वेळी निम्मी रक्कम द्या, उरलेली वाद्य वाजवून बघून नेताना. तेवढ्या उचलीवर आम्ही तुमच्या नावाचं खोड बाजूला काढून ठेवतो. घरचा मुलगा हे काम शिकायला पाठवलात तर त्याची आम्हाला पैशांपेक्षा जास्त गरज आहे.

येताना काय आणायचं?

सुटी पुडी नको, अख्खा पखवाज आणा. खोडाचं तोंड मोजल्याशिवाय पुडी बसत नाही. जुनी पावती आणि पेटीच्या पट्टीचा आवाज सोबत असू द्या. जीपच्या टपावर बांधून आणू नका, मांडीवर किंवा सीटवर, खोळीत आणा. कणिक काढलेली असावी. वाळून धरली असेल तर तशीच राहू द्या, इथे आम्ही भिजवून काढू.