तळ्यातली तलवार: व्हायकिंगांच्याही आधीची भानगड

2018 च्या ऑक्टोबरमध्ये ही बातमी जगभर फिरली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. स्वीडनमधल्या एका आठ वर्षांच्या मुलीला तळ्यात खेळता खेळता जुनी तलवार सापडली. मग काय, 'स्वीडनला नवी राणी मिळाली', 'आता गादी तिचीच' असले मीम्स सुरू झाले, दंतकथेतला किंग आर्थर आला, त्याला तलवार देणारी तळ्यातली परी आली, आणि आठवड्याभरात सगळे विसरूनही गेले. बातमी गोड होतीच, त्यात वाद नाही. पण ती तलवार तळ्यात गेली कशी हे विचारायच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही, आणि खरी मजा तर तिथंच आहे. कारण त्या भागात शस्त्रं मुद्दाम पाण्यात टाकायची पद्धत शेकडो वर्षं चालू होती, चांगली, महागडी शस्त्रं.

आधी घटना थोडक्यात. दक्षिण स्वीडनमध्ये स्मोलांड नावाचा प्रांत आहे, जंगलं आणि तळ्यांनी भरलेला, तिथं विडॉस्टर्न नावाचं लांबट तळं आहे, लागान नदी त्यातूनच पुढं जाते. काठावर टॉन्नो नावाचं छोटं गाव. 2018 चा उन्हाळा स्वीडनला फार जड गेला, उष्णतेची लाट, दुष्काळ, जंगलांना आगी, त्या विझवायला बाहेरच्या देशांतून विमानं मागवावी लागली. तळ्यांचं पाणीही उतरलं होतं. 15 जुलैला, म्हणजे फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल होती त्या दिवशी, ही पोरगी पाण्यात खेळत होती आणि बाप किनाऱ्यावरून लवकर आवर म्हणून मागं लागलेला, कारण त्याला मॅच बघायची होती. तिच्या हाताला आणि गुडघ्याला तळाशी काहीतरी लागलं, तिला वाटलं काठी असेल, उचलून बघते तर मूठ. ती ओरडली तलवार सापडली म्हणून, बापाला आधी वाटलं कुठली तरी फांदी असेल. निघाली साधारण 85 सेंटीमीटरची लोखंडी तलवार, गंजलेली पण आकार शाबूत, आणि भोवती लाकूड नि चामड्याच्या म्यानाचे अवशेष.

बातमी मात्र बाहेर आली ऑक्टोबरमध्ये. मधले दोन-अडीच महिने घरच्यांनी तोंड बंद ठेवलं, कारण आजूबाजूला अजून काही मिळतंय का ते पुरातत्त्ववाल्यांना आधी शांतपणे बघायचं होतं. हौशी लोकांची जत्रा भरली असती तर चिखलाचं वाटोळं झालं असतं. आठ वर्षांच्या पोरीनं एवढं मोठं गुपित इतके दिवस पोटात ठेवलं, मला तर तलवारीपेक्षा याचंच जास्त कौतुक वाटतं.

आता वयाचं. सुरुवातीला हजार एक वर्षं जुनी असेल असा अंदाज होता, म्हणून हेडलाइनमध्ये 'व्हायकिंग तलवार' आलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. नंतर यॉनशॉपिंगच्या म्युझियमनं सांगितलं की ती त्याहून बरीच जुनी, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची असावी, म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकातली. व्हायकिंग काळ साधारणपणे धरतात 793 पासून, इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावर धाड पडली तेव्हापासून. म्हणजे ही तलवार पाण्यात गेली असेल तेव्हा व्हायकिंग हा प्रकार सुरू व्हायलाच दोन-अडीचशे वर्षं बाकी होती. जुनं आणि स्कँडिनेव्हियातलं काहीही दिसलं की त्याला व्हायकिंग म्हणून मोकळं व्हायचं, ही मीडियाची सवय काही जात नाही.

मग तो काळ होता तरी कसला? युरोपच्या इतिहासात त्याला स्थलांतरांचा काळ म्हणतात. पश्चिमेचं रोमन साम्राज्य कोसळत होतं, 476 मध्ये शेवटच्या बादशहाला खाली ओढलं, टोळ्याच्या टोळ्या इकडून तिकडं सरकत होत्या. स्वीडन कधीच रोमच्या ताब्यात नव्हता, पण रोमचा माल तिथं पोचत होता, सोन्याची नाणी, काचेची भांडी आणि तलवारीसुद्धा. बार्बेरियन, म्हणजे साम्राज्याबाहेरच्या, लोकांना शस्त्रं विकायला रोमन कायद्यात बंदी होती, तरी डेन्मार्कच्या दलदलींतून रोमन कारागिरांचे शिक्के मारलेली पाती ढिगानं निघालीत, तेव्हा बंदी किती पाळली जायची ते दिसतंच आहे. त्या भागातली लांब, दुधारी, सरळ पात्याची तलवार मुळात रोमन घोडदळाच्या स्पाथा नावाच्या तलवारीवरूनच आलेली.

आणि तलवार ही सगळ्यांकडं असायची वस्तू नव्हती. साधा लढवय्या भाला आणि ढाल घेऊन जायचा. तलवारीला चांगलं लोखंड भरपूर लागायचं आणि कारागिराचे खूप दिवस जायचे, भारीतली पाती तर लोखंडाच्या वेगवेगळ्या सळ्या पिळून, एकत्र ठोकून करायचे, त्यामुळं पात्यावर नागमोडी नक्षी उठायची. राजेराजवाड्यांच्या तलवारींच्या मुठीवर सोन्यात गार्नेटचे लाल खडे बसवलेले असायचे. फ्रँकांचा राजा चिल्डेरिक पाचव्या शतकाच्या शेवटी शेवटी मेला, त्याची कबर 1653 मध्ये बेल्जियममधल्या तूर्ने इथं सापडली, त्यातल्या तलवारीवर असंच काम आहे. आणि त्या काळातल्या गार्नेटची तपासणी केली तर पुष्कळसे खडे भारत आणि श्रीलंकेकडचे निघतात! विडॉस्टर्नच्या तलवारीवर असलं जडावकाम असल्याचं कुणी म्हटलेलं नाही, पण ती कुठल्या जगातली होती हे कळावं म्हणून सांगितलं.

तर मग एवढी किमती वस्तू पाण्यात का टाकायची? याची लेखी साक्ष आहे ती रोमनांची. इ.स.पू. 105 मध्ये उत्तरेकडून आलेल्या किंब्री वगैरे टोळ्यांनी आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेला रोमन सैन्याचा अक्षरशः फडशा पाडला. ओरोसियस नावाच्या लेखकानं पुढं पाचव्या शतकात लिहून ठेवलंय की जिंकल्यावर त्यांनी लूट ठेवून घेतली नाही, कपडे फाडले, चिलखतं तोडली, सोनं-चांदी नदीत फेकली, घोडे बुडवले आणि माणसं झाडांना लटकवली. नवस फेडायचा प्रकार, शत्रूचं जे जे हाती लागेल ते सगळं देवाचं. टॅसिटस या रोमन इतिहासकारानं पहिल्या शतकाच्या शेवटी उत्तरेकडच्या नेर्थुस देवीबद्दल लिहिलंय, तिचा रथ फिरवून आणायचे, मग तळ्यात धुवायचे, आणि धुणाऱ्या गुलामांना त्याच तळ्यात बुडवायचे. आपल्याकडं विसर्जन म्हणजे देवाला निरोप, इथं उलट देवाला भरणा.

रोमन लेखकांनी तिखटमीठ लावलं असेल असं म्हणावं तर जमिनीतून पुरावा निघाला. डेन्मार्कमध्ये इलेरूप नावाची दरी आहे, तिथं 1950 मध्ये पाण्याचा निचरा करायला चर खणताना शस्त्रं लागली, आणि पुढच्या काही दशकांत साधारण 15,000 वस्तू बाहेर काढल्या. मुख्य साठा इ.स. 200 च्या आसपासचा, तेव्हा तिथं तळं होतं. तलवारी वाकवलेल्या, भाले मोडलेले, ढाली ठेचलेल्या, म्हणजे आधी नीट बसून नासधूस केली आणि मग पाण्यात टाकली. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे कंगवे. सैनिकांच्या खाजगी सामानात कंगवे सापडले, ते रेनडियर आणि एल्क या थंड प्रदेशातल्या हरणांच्या शिंगांचे, तसले कंगवे नॉर्वेकडचे लोक वापरायचे. त्यावरून कळलं की समुद्रावरून चाल करून आलेलं हे उत्तरेकडचं सैन्य इथं हरलं, आणि त्यांचं सगळं किडुकमिडुक तळ्यातल्या देवाला गेलं. केस विंचरायच्या कंगव्यावरून लढाईचा पत्ता लागतो हे भारीच आहे राव.

तसंच डेन्मार्कमधलंच न्यूडाम, तिथं एकोणिसाव्या शतकात शंभरच्या वर तलवारी आणि 23 मीटर लांबीची ओक लाकडाची अख्खी बोट निघाली. स्वीडनमध्ये ओलांड बेटावर स्केडेमोसे आहे, तिथं शस्त्रांसोबत घोडे, माणसांची हाडं आणि सोन्याची कडीही मिळाली. आणि व्हेस्टरयोटलांडमध्ये फिनेस्टॉर्प, जे काळाच्या हिशेबानं या तलवारीच्या सगळ्यात जवळ येतं. म्हणजे विडॉस्टर्नची तलवार काही आकाशातून पडलेली नाही, तिच्या मागं मोठी परंपरा आहे.

असल्या शोधांत एक गंमत मात्र परत परत दिसते, पाणी उतरलं की इतिहास वर येतो. 1853-54 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या झुरिक तळ्याचं पाणी खूप खाली गेलं आणि तळातून प्राचीन घरांचे खांब दिसायला लागले. 1857 मध्ये तिथल्याच न्यूशातेल तळ्याचं पाणी असंच उतरलं तेव्हा ला तेन नावाच्या जागी गढूळ तळातून एकापाठोपाठ लोखंडी शस्त्रं निघाली, आणि ती जागा इतकी गाजली की युरोपातल्या लोहयुगाच्या उत्तरार्धाला आता तिचंच नाव आहे. 2018 ला दुष्काळानं तेच केलं.

कधीकधी मात्र शोध लागतोय हे कुणाच्या गावीही नसतं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, वेल्समधल्या अँगलसी बेटावर विमानतळ बांधताना जवळच्या तळ्याकाठचा चिखल उपसून आणत होते, त्यात एक लोखंडी साखळी आली. चांगली दणकट दिसली म्हणून कामगारांनी ती चिखलात रुतलेले ट्रक ओढायला वापरली, आणि तिनं ओढलेही! नंतर कळलं की ती दोन हजार वर्षं जुनी, गुलामांच्या माना अडकवायची साखळी आहे. त्या तळ्यातून पुढं तलवारी, भाले, रथांचे भाग असं पुष्कळ काही मिळालं.

लोखंड इतकी वर्षं टिकतं कसं याचं उत्तर चिखलात आहे. गाळात ऑक्सिजन जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळं गंज आणि जंतू दोघांचंही काम मंदावतं. पण सगळा चिखल सारखा नसतो. उत्तर जर्मनीतल्या थोर्सबर्गच्या दलदलीचं पाणी आम्लधर्मी, तिथं कापड आणि चामडं झकास राहिलं पण लोखंड खाऊन टाकलं. लोखंड, लाकूड आणि चामडं तिन्ही एकत्र मिळणं हे नशीबच. आणि खरी कटकट सुरू होते ती बाहेर काढल्यावर, हवा लागली की लोखंड नव्यानं गंजायला लागतं, भिजलेलं लाकूड सुकताना आक्रसतं आणि चिरतं, म्हणून अशी वस्तू महिनोन्‌महिने लॅबमध्ये ठेवून सावकाश सुकवतात, एक्स-रे काढून आत काय उरलंय ते बघतात. कुणाला कधी असं काही मिळालंच तर घरी नेऊन ब्रासो लावू नका, एवढंच.

आर्थरचं म्हणाल तर काही अभ्यासकांना वाटतं की मरणाऱ्या राजाची तलवार तळ्यात परत टाकायची ती गोष्ट म्हणजे या जुन्या रिवाजाची पुसट आठवण असावी. असेलही, सिद्ध करणं अवघड आहे, पण कल्पना सुंदर आहे. योगायोग बघा, आदल्याच वर्षी, 2017 मध्ये, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये डोझमरी पूल नावाच्या तळ्यात, जिथं आर्थरची ती तलवार, एक्सकॅलिबर, टाकली असं लोक सांगतात, सात वर्षांच्या मुलीला चार फुटी तलवार सापडली होती. तिच्या बापानंच सांगून टाकलं की ही वीस-तीस वर्षांची असेल, कुठल्या तरी सिनेमातलं सामान. म्हणजे गोष्ट तिकडं होती आणि तलवार इकडं.

स्वीडनमध्ये असं काही मिळालं की कळवायचं ही सवय जुनी आहे, प्राचीन वास्तूंना धक्का लावू नये असा राजाज्ञेचा कायदा तिथं 1666 मध्येच आला, जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. आता मेटल डिटेक्टर घेऊन फिरायलाही परवाना लागतो. यात हेतू असा की वस्तूइतकीच ती नेमकी कुठं, कशाशेजारी पडली होती ती माहिती महत्त्वाची, आणि ती एकदा विस्कटली की कायमची गेली.

विडॉस्टर्नमध्ये हेच कामी आलं. आधी वाटत होतं की काठावरच्या एखाद्या कबरीतलं सामान पाण्यात गेलं असेल. एखादी होडी उलटली किंवा कुणी बर्फातून खाली गेला असंही होऊ शकतं, त्या काळी हिवाळ्यात गोठलेली तळी म्हणजे रस्तेच. पण नंतरच्या शोधात जवळच एक ब्रोच मिळाला, कपडा अडकवायची पिन, साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकातली, म्हणजे तलवारीहून शे-दोनशे वर्षं जुनी. एकाच जागी इतक्या अंतरानं दोन चांगल्या वस्तू पडणं हा नुसता अपघात वाटत नाही, म्हणून म्युझियमचा कल अर्पणाच्या जागेकडं झुकला. मला मात्र एक गोष्ट खटकते. इलेरूपच्या तलवारी वाकवून, मोडून टाकलेल्या आणि ही म्यानासकट. हरलेल्या शत्रूचं शस्त्र असतं तर त्याची मोडतोड झाली असती असं वाटतं, तेव्हा ही बहुतेक कुणीतरी स्वतःचीच, कमरेची सोडून दिली असावी.