बिल्ला सरकारचा, पगार विद्यापीठाचा: अमेरिकेतील खासगी विद्यापीठांच्या पोलीस दलांची पार्श्वभूमी

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड राज्याचे गव्हर्नर लॅरी होगन यांनी एका कायद्यावर सही केली आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या खासगी विद्यापीठाला स्वतःचे पोलीस दल उभारण्याची मुभा मिळाली. हे पोलीस म्हणजे फाटकावर ओळखपत्र तपासणारे रक्षक नव्हेत. शपथ घेतलेले, शस्त्र बाळगणारे, झडती घेण्याचा आणि अटक करण्याचा अधिकार असलेले ते पूर्ण पोलीस. फरक एवढाच, की त्यांची नेमणूक, बढती आणि पगार विद्यापीठाच्या हाती. होगन यांची सही होत होती तेव्हा विद्यापीठाच्या गार्लंड हॉल या प्रशासकीय इमारतीत विद्यार्थी ठिय्या देऊन बसले होते. खासगी पोलीस नकोत ही त्यांची एक मागणी होती आणि देशाच्या इमिग्रेशन खात्याशी असलेले करार मोडा ही दुसरी. महिनाभराहून अधिक चाललेला हा ठिय्या ८ मे रोजी पहाटे मोडला गेला. तो मोडायला शहराचे पोलीस बोलवावे लागले.

आपल्याकडून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना ही व्यवस्था सहसा माहीत नसते. आवारात ‘पोलीस’ असे लिहिलेली गाडी दिसली की ती सरकारचीच असणार, असा आपला समज असतो. तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण भारतात खासगी सुरक्षारक्षकाला अटकेबाबत सामान्य नागरिकापेक्षा जास्त अधिकार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावेच लागते. कॉलेजच्या फाटकावरच्या रक्षकाचे अधिकार तिथे संपतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी ही रेषा खासगी संस्थांसाठी ओलांडली आहे. ती कशी ओलांडली गेली याचा इतिहास विद्यापीठांच्याही आधी सुरू होतो.

पेनसिल्व्हेनिया राज्याने १८६५ मध्ये रेल्वे कंपन्यांना आणि पुढच्याच वर्षी कोळसा खाणी व लोखंडाच्या कारखान्यांना स्वतःचे पोलीस ठेवण्याची परवानगी दिली. कंपनीने माणूस निवडायचा, एक डॉलर भरायचा आणि सरकारने त्याला पोलिसाचा अधिकार द्यायचा, अशी ती सोय. या ‘कोल अँड आयर्न पोलिसां’चे खरे काम मालमत्ता राखण्यापेक्षा संप मोडण्याचे झाले. खाणमालकाशी कामगाराचा वाद झाला की कामगाराला अटक करणाराही मालकाचाच नोकर. गव्हर्नर गिफर्ड पिंशो यांनी १९३१ मध्ये हे परवाने रद्द केले, पण तोवर साठ-पासष्ट वर्षे गेली होती. खासगी संस्थेला पोलिसी अधिकार देण्याबद्दलचा अविश्वास कोणा चळवळ्याच्या डोक्यातून निघालेला नाही. त्यामागे हा अनुभव आहे.

दुसरा अनुभव खुद्द मेरिलँडचाच. ग्लेन एको या मनोरंजन उद्यानात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ३० जून १९६० रोजी तिथल्या फिरत्या चक्रावर बसलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उद्यानाच्या रक्षकाने अटक केली. हा रक्षक एका खासगी एजन्सीचा नोकर, पण उद्यानाच्या विनंतीवरून मॉन्टगोमेरी काउंटीच्या शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाने, त्याला डेप्युटी नेमले होते आणि त्याच्या छातीवर तसा बिल्ला होता. ‘ग्रिफिन विरुद्ध मेरिलँड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये त्या विद्यार्थ्यांना झालेल्या शिक्षा रद्द केल्या. जो सरकारने दिलेला अधिकार वापरतो त्याची कृती सरकारचीच, मग पगार कोणीही देवो, असा त्या निकालाचा अर्थ. संविधानाचे बंधन त्याच्यावर आले. ही फार मोठी गोष्ट होती. पण संविधानाचे बंधन म्हणजे कोर्टात जाऊन दाद मागण्याची सोय. रोजच्या कारभाराची माहिती मागण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि पुढचे सगळे भांडण तिथेच झाले.

विद्यापीठांपुरते बोलायचे तर सुरुवात येलपासून मानतात. न्यू हेवन शहरात येलचे विद्यार्थी आणि गावकरी यांच्यात वितुष्ट जुने. १८२४ मध्ये एका तरुणीचे प्रेत कबरीतून नाहीसे होऊन वैद्यकीय महाविद्यालयात सापडले, तेव्हा चिडलेला जमाव इमारतीवर चालून गेला होता. अशा चकमकींच्या पार्श्वभूमीवर १८९४ मध्ये शहर पोलीस दलातले दोन शिपाई, जिम डॉनली आणि बिल वायझर, आवारात गस्त घालायला आले आणि पुढे येलच्याच नोकरीत राहिले. मात्र ही वाट लगेच कोणी धरली नाही. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध बहुतेक ठिकाणी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचाच होता. दारे बंद करणे, आग लागली तर ओरडणे, बॉयलरवर नजर ठेवणे, उशिरा आलेल्या मुलाला खोलीपर्यंत सोडणे ही त्याची कामे.

चित्र पालटले ते १९६० च्या दशकात. युद्धविरोधी आणि नागरी हक्कांची आंदोलने आवारात आली, इमारती ताब्यात घेतल्या जाऊ लागल्या, आणि कुलगुरूंकडे शहर पोलिसांना बोलावण्यावाचून उपाय उरला नाही. कोलंबिया विद्यापीठात ३० एप्रिल १९६८ च्या पहाटे न्यूयॉर्क पोलिसांनी सुमारे ७०० जणांना अटक केली आणि शंभरावर लोक जखमी झाले. पुढच्या वर्षी हार्वर्डमध्येही पोलीस पहाटेच घुसले आणि आतापर्यंत तटस्थ असलेले विद्यार्थीही प्रशासनाच्या विरोधात गेले. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट या सरकारी विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. बाहेरचा पोलीस किंवा सैनिक आवारात आला की काय होते हे देशाने पाहिले. विद्यार्थ्यांना ओळखणारे, आपल्या शब्दात राहणारे पोलीस आपल्याकडेच असावेत, हा विचार या घटनांतून बळावला. त्यात तथ्य आहे असे मला वाटते. त्या काळी त्याला विरोध करणाऱ्यांपेक्षा पाठिंबा देणारेच विद्यार्थ्यांच्या जास्त जवळचे असावेत. एकामागून एक राज्यांनी विद्यापीठांना पोलीस नेमू देणारे कायदे केले आणि त्यांतल्या काहींत खासगी विद्यापीठेही आली.

मग ५ एप्रिल १९८६ उजाडला. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय या खासगी विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीवर वसतिगृहातल्या तिच्या खोलीत बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. खुनी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि आपोआप कुलूप लागणारी जी दारे बंद असायला हवी होती ती अडकवून उघडी ठेवलेली होती. तिच्या आईवडिलांनी मग जो लढा दिला तो असा, की विद्यापीठे आपल्या आवारातले गुन्हे लपवतात, ते उघड करणे सक्तीचे करा. १९९० मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांनी त्या कायद्यावर सही केली. केंद्राची आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला, सरकारी असो वा खासगी, दरवर्षी गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करावी लागते ती या ‘क्लेरी कायद्या’मुळे. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण गोळीबारात मारले गेल्यावर सुरक्षेची मागणी आणखी वाढली. केंद्राच्या न्याय खात्याच्या २०११-१२ च्या पाहणीत अडीच हजारांहून जास्त विद्यार्थी असलेल्या चार वर्षांच्या महाविद्यालयांपैकी ७५ टक्के ठिकाणी सशस्त्र अधिकारी होते. सरकारी संस्थांपैकी ९२ टक्क्यांकडे, तर खासगींपैकी ३८ टक्क्यांकडे पूर्ण पोलिसी अधिकार असलेले कर्मचारी होते.

पण क्लेरी कायदा आकडे मागतो. एखाद्या रात्री एका विशिष्ट माणसाला का अडवले, त्याच्याशी पोलीस कसे वागले, याचा अहवाल मागण्याचा हक्क राज्यांच्या माहिती अधिकाराच्या कायद्यांतून येतो आणि ते कायदे सरकारी कार्यालयांसाठी असतात. खासगी विद्यापीठाचा पोलीस सरकारी की खासगी? हा प्रश्न विचारायला लागले बहुतेक वेळा विद्यार्थी पत्रकार. हार्वर्डच्या विद्यार्थी वृत्तपत्राने पोलिसांचे अहवाल मागितले तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले, की राज्याने अधिकार दिले असले तरी हार्वर्ड खासगी आहे, कागद देणे बंधनकारक नाही. कनेक्टिकटच्या माहिती आयोगाने २००८ मध्ये येलबाबत नेमके उलट ठरवले. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ऑटरबाइन विद्यापीठाच्या पोलिसांना ‘सार्वजनिक कार्यालय’ मानले. इंडियानात क्रीडावाहिनी ईएसपीएनने नोत्र दाम विद्यापीठाच्या खेळाडूंविषयीच्या नोंदी मागितल्या, तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पुन्हा हार्वर्डची वाट धरली. टेक्सासच्या विधिमंडळाने मात्र २०१५ मध्ये कायदाच बदलून खासगी विद्यापीठांच्या पोलिसांना माहितीच्या कायद्याखाली आणले. बेड्या घालण्याची ताकद सगळीकडे सारखीच, आणि बेड्या का घातल्या हे विचारायचा हक्क मात्र राज्याची हद्द ओलांडली की बदलतो. मला हे मुळातच अन्यायाचे वाटते. जो अधिकार लोकांच्या नावाने दिला जातो त्याचे कागद लोकांना दिसलेच पाहिजेत. अहवाल मागणारा विद्यार्थी विद्यापीठाची बदनामी करत नसतो.

नॉर्थ कॅरोलिनात वेगळाच पेच उभा राहिला. कॅम्बेल हे बॅप्टिस्ट पंथाचे विद्यापीठ. त्याच्या पोलिसाने मद्यधुंद चालकाला पकडले आणि आरोपीने कोर्टात विचारले, की धार्मिक संस्थेला सरकार पोलिसी सत्ता देऊच कसे शकते? १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले. राज्याने पुढे कायदा नव्याने लिहिला, प्रशिक्षण आणि देखरेख ॲटर्नी जनरलच्या हाती दिली, आणि डेव्हिडसन कॉलेजच्या प्रकरणात २०११ मध्ये त्याच न्यायालयाने ही नवी रचना वैध ठरवली.

शिकागो विद्यापीठाचे उदाहरण सगळ्यांत मोठे. शहराच्या दक्षिण भागात ३७ व्या रस्त्यापासून ६४ व्या रस्त्यापर्यंत या विद्यापीठाचे पोलीस गस्त घालतात. या पट्ट्यात सुमारे ६५ हजार लोक राहतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. दुकानात निघालेल्या माणसाला जो पोलीस थांबवतो त्याचा वरिष्ठ ना महापौराला उत्तरदायी, ना नगरसेवकाला. या दलाच्या नोंदी खुल्या करणारे विधेयक २०१५ मध्ये इलिनॉयच्या प्रतिनिधीगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले. त्याच वर्षी विद्यापीठाने वाहनचालकांना आणि पादचाऱ्यांना अडवल्याची माहिती स्वतःहून संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. चांगले झाले, पण स्वतःहून दिलेली माहिती स्वतःहून थांबवताही येते.

बाल्टिमोरमध्ये हे सगळे धागे एकत्र आले. एप्रिल २०१५ मध्ये पोलीस कोठडीत झालेल्या दुखापतींनी फ्रेडी ग्रे हा तरुण मरण पावला आणि शहर पेटले. २०१६ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने शहर पोलिसांच्या वंशभेदी वागणुकीवर सविस्तर अहवाल दिला. २०१७ मध्ये शस्त्रशोध पथकाचे पोलीसच लोकांना लुटताना सापडले आणि त्याच वर्षी शहरात ३४० हून अधिक खून झाले. आवाराबाहेर लूटमार वाढल्याच्या तक्रारी पालक आणि कर्मचारी करत होते. हॉपकिन्सचे म्हणणे असे, की शहरातल्या सरकारी विद्यापीठांकडे पोलीस आहेत, येल, शिकागो, पेनसिल्व्हेनिया या खासगी विद्यापीठांकडेही आहेत, मग आम्हीच का सुट्टीवरचे शहर पोलीस भाड्याने घेऊन काम चालवायचे? निदान आमचे पोलीस आम्ही नीट शिकवू. हा युक्तिवाद पोकळ नव्हता, आणि रात्री प्रयोगशाळेतून एकटीने घरी जाणाऱ्या मुलीची भीतीही खोटी नव्हती.

पण पूर्व बाल्टिमोरच्या रहिवाशांना हॉपकिन्स वेगळे आठवते. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी न विचारता घेतल्या त्या हॉपकिन्सच्याच रुग्णालयात. रुग्णालयाच्या उत्तरेकडची वस्ती या शतकाच्या सुरुवातीला पुनर्विकासासाठी पाडली तेव्हा शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ज्या संस्थेने आपली गल्ली विकत घेतली तिचाच पोलीस आता आपल्याला अडवणार, असे त्या लोकांना वाटले, यात नवल ते काय?

२०१८ मधला पहिला प्रयत्न विरोधामुळे मागे घ्यावा लागला. २०१९ चा कायदा आला तो बऱ्याच अटींसह. जास्तीत जास्त १०० अधिकारी, अंगावर कॅमेरे, विद्यार्थी-प्राध्यापक-रहिवाशांचे जबाबदारी मंडळ, आणि खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांचा तपास शहर पोलिसांकडेच. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर, देश रस्त्यावर उतरला तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष रोनाल्ड डॅनियल्स यांनी योजना किमान दोन वर्षे स्थगित केली. डिसेंबर २०२२ मध्ये शहर पोलिसांशी करार झाला आणि मग भरतीचे काम पुढे सरकले. जबाबदारी मंडळ धोरणांवर सल्ला देते, चुकलेल्या अधिकाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. ही या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव आहे.

त्यात एक कलम मात्र शिकागोच्या रहिवाशांना कधीच मिळाले नाही असे आहे. आवाराला लागून असलेल्या वस्तीत हे पोलीस पाठवायचे असतील तर तिथल्या बहुसंख्य रहिवाशांचा पाठिंबा आणि नगर परिषदेचा ठराव, दोन्ही लागतात. २०१८ च्या विरोधाने वर्षभर रेटा लावला नसता तर हे कलम कायद्यात आले असते असे मला वाटत नाही.