पर्यावरणीय न्यायासाठी काम करणाऱ्या वस्ती संस्था, मुंबई

शहराचा धूर, कचरा आणि पाणीटंचाई ज्यांच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त येते, अशा वस्त्यांतील रहिवाशांना संघटित करून पाणी, स्वच्छता आणि निरोगी परिसर यांवरील त्यांचा हक्क मिळवून देऊ पाहणाऱ्या ना-नफा संस्था. त्यांपैकी काही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले न्यास आहेत, तर काही रहिवाशांनीच गरजेपोटी उभारलेल्या समित्या आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यात ही विषमता सर्वांत उघडपणे दिसते. १९२७ पासून शहराचा कचरा घेणारे देवनारचे डम्पिंग ग्राउंड, माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि इतरत्र उठवलेल्या कुटुंबांसाठी बांधलेल्या पुनर्वसन वसाहती हे सारे येथे एकमेकांना लागून आहे. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंगला आग लागली, तेव्हा गोवंडीकरांचे रोजचे दुखणे उर्वरित मुंबईलाही काही दिवस जाणवले.

शहराचा कचरा कमी करण्याचे काम वर्षानुवर्षे कचरावेचक बायका करत आल्या आणि त्याची दखल मात्र फार उशिरा घेतली गेली, हे येथे नोंदवलेच पाहिजे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने ‘परिसर विकास’ हा उपक्रम सुरू करून या बायकांचे बचत गट बांधले आणि त्यांना कंपोस्ट खत व बायोगॅस प्रकल्प चालवण्याचे प्रशिक्षण दिले. वेचक बाई दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, पुठ्ठा आणि पत्रा वेगवेगळ्या ढिगांत टाकते, कारण भंगारवाल्याकडे प्रत्येकाचा भाव निराळा असतो. उष्ट्या-खरकट्याने भिजलेल्या पुठ्ठ्याला कोणी विचारत नाही, त्यामुळे इमारतीत ओला-सुका कचरा वेगळा होतो की नाही यावर तिची त्या दिवसाची कमाई ठरते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेचा भाग म्हणून मान्यता दिली.

पाण्याच्या बाबतीत पाणी हक्क समितीचे काम मूलगामी ठरले. अनधिकृत ठरवलेल्या वस्तीला नळ मिळत नसे, म्हणून तेथील बायकांना पहाटे हंडे घेऊन दूरवर जावे लागे किंवा टँकरचे पाणी चढ्या दराने विकत घ्यावे लागे. समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, घर अनधिकृत असले तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण येण्यास मात्र २०२२ साल उजाडले.

तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून माहुलला पाठवलेल्या कुटुंबांनी घर बचाओ घर बनाओ आंदोलनाच्या साथीने तेथील विषारी हवेविरुद्ध दीर्घ लढा दिला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरवून, पर्यायी घर देणे शक्य नसल्यास प्रत्येक कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.