मराठी वेबपानावरचा टाइप: जुन्या खोडी कुठून आल्या

मराठी वेबपानांवर आजही हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’, तुटलेली शिरोरेषा, वरून छाटलेली वेलांटी आणि रफार सर्रास दिसतात. फॉन्ट वाईट असतो असं नाही. बहुतेकदा तो नीट जोडलेला नसतो.

मराठी वाचकाच्या डोळ्यांत बसलेलं वळण मुंबईच्या छापखान्यांनी घडवलं. गणपत कृष्णाजींच्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, अक्षर लेखनिकाचंच असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने (छापखाना १८६९) ते वळण शिशाच्या खिळ्यांत उतरवलं. तेव्हापासूनची अडचण एकच, ती म्हणजे देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जागा लागते. खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावणारी मात्रा छपाईत मोडायची. आज ती ब्राउझरमध्ये कापली जाते.

संगणक आल्यावर मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या कोडवर बसवली गेली. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर बातमीऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसे. १९९७च्या सुमारास नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांनी पानाबरोबर फॉन्ट पाठवायची सोय दिली, पण दोघांचे फॉरमॅट वेगळे. पुढे फायरफॉक्सला त्यांतला एकही चालेना.

प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच कोड देणारा युनिकोड १९९१पासून होता, तरी घरोघरी पोचला तो विंडोज २०००मधल्या ‘मंगल’ फॉन्टमुळे. त्याचं आरेखन र. कृ. जोशींचं. पुढची कित्येक वर्षं मराठी वेब म्हणजे मंगल! सफारी (२००८) आणि फायरफॉक्स (२००९) यांनी साधे फॉन्ट पानाबरोबर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे निवड शक्य झाली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट आज फुकट मिळतात.

निवडीची चावी इथे आहे. युनिकोडमध्ये ‘ल’चा कोड एकच, मराठी आणि हिंदी आकार मात्र दोन. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात. कोणता दाखवायचा हे पानाच्या भाषेवरून ठरतं. वेबसाइटच्या तयार थीममध्ये बहुधा इंग्रजीच नोंदलेली असते. मूळ एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ (मराठीची खूण) लिहिली, की ज्या फॉन्टात सोय आहे त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ येतो. शासनाच्या २००९च्या वर्णमाला-निर्णयाने प्रमाण ठरवलेली रूपं हीच.

बाकी मापांचं काम. मजकूर १८ पिक्सेल, ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या १.६ ते १.८ पट ठेवावी. इंग्रजी थीममधली १.२ तशीच राहिली, तर ‘पूर्तीं’चा माथा वरच्या ओळीच्या उकारांना भिडतो, आणि मथळ्याच्या चौकटीत जास्तीचं लपवायची सूचना असेल तर कापलाच जातो. अक्षरांमधलं अंतर शून्य हवं. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. तिरप्या अक्षरांची आपल्याकडे रीत नाही, आणि ब्राउझर नुसतं अक्षर ढकलून तिरपं करतो. त्याऐवजी ठळक वापरा, पण फॉन्टाची खरी ठळक फाइल जोडूनच. नाहीतर ब्राउझर रेघा फुगवतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची पोटं बुजतात.

फॉन्टाची फाइल हलकी करण्यासाठी अक्षरं गाळताना फक्त ०९०० ते ०९७एफ हा युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा ठेवणं पुरत नाही. शून्य-रुंदीचा जोडक (२००डी), म्हणजे जोडणीसाठीची न दिसणारी खूण, गेला, तर त्याच्या आधारे टाइप केलेला ‘दर्‍या’मधला अर्धा र बिघडू शकतो. ₹ तर या पट्ट्याबाहेरच आहे.

राहिला ‘ॲ’. तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टात तिथे चौकोन दिसतो. त्याआधीची सवय म्हणून अनेक जण ‘अ’वर चंद्र चढवतात. दिसायला दोन्ही सारखे, पण साइटवरच्या साध्या शोधात ‘ॲप’ टाकलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले लेख सापडत नाहीत. मजकूर साठवतानाच सगळीकडे एकच रूप करून घ्यावं.